रोडगे हवेत? मग आधी ओळख काढा!

'बार्बेक्यू' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? टेबलाच्या मध्यभागी शेगडी, सळईला टोचलेले पनीरचे तुकडे, 'अनलिमिटेड'चा बोर्ड आणि शेवटी ऑफिसच्या टीमचा ग्रुप फोटो. बरोबर? त्यात वाईट काहीच नाही. पण अमेरिकेच्या दक्षिण भागात बार्बेक्यू हा अभिमानाचा विषय आहे. टेक्सासवाले बीफचा ब्रिस्केट लाकडाच्या धगीवर बारा-बारा तास ठेवतात, कॅरोलायनात पोर्क आणि व्हिनेगरचा सॉस, तर मेम्फिसमध्ये बरगड्या. प्रत्येकाचं म्हणणं एकच, खरा बार्बेक्यू आमचाच! टेक्सासमधल्या लॉकहार्ट गावाला तर १९९९ साली तिथल्या विधिमंडळाच्या प्रतिनिधीगृहाने 'बार्बेक्यूची राजधानी' ठरवून टाकलं.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते आमचं बार्शीटाकळी.

अकोल्यापासून वीसेक किलोमीटरवरचं हे गाव. अकोला-पूर्णा लाइनवरचं छोटं स्टेशन, कालंका देवीचं जुनं हेमाडपंती देऊळ आणि चहूबाजूंनी कापूस, तूर, सोयाबीन. आमच्या गावाला कुणी राजधानीबिजधानी केलेलं नाही. पण विस्तवावरच्या जेवणाचा विषय निघाला, तर आम्हा वऱ्हाडी लोकांकडेही हुकमाचं पान आहे. रोडगे!

ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. गव्हाची जाडसर कणीक, त्यात मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन. छोट्या जाड पोळ्या लाटायच्या, मध्ये तेल लावत तीन-चार एकावर एक ठेवायच्या आणि कडा मिटवून गोळा करायचा. काही जण यांना पानगे म्हणतात. राजस्थानची बाटी आणि बिहारची लिट्टी ही यांचीच चुलत भावंडं. मग शेतात नाहीतर देवळामागे गोवऱ्या रचून पेटवायच्या. खरी परीक्षा इथून पुढे. जाळावर रोडगा टाकला, तर बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा. जाळ बसून निखारे झाले की रोडगे टाकायचे, फिरवत राहायचं आणि शेवटी गरम राखेत पुरून ठेवायचे. तडकले की झाले. मग पोत्यात घालून हलवायचे, राख झडते. हाताने फोडायचे आणि वरून तुपाची धार. सोबत तुरीचं वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. कॅलरी मोजणाऱ्यांनी त्या दिवशी सुट्टी घ्यावी.

म्हणजे फंडा टेक्सासचाच. स्वस्त माल, मंद धग आणि भरपूर वेळ. या वेळातच खरी मजा असते. रोडगे होईपर्यंत दुसरं काही करता येत नाही, म्हणून माणसं बोलतात. कुणाच्या पोराचं लग्न जमलं, कुणाची बोअर आटली, कपाशीला काय भाव मिळाला... सगळं तिथेच कळतं.

आमच्या घरात विस्तवाचा ताबा मोठ्या बाबांकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाकडे. आमच्याकडे रोडगे ही पुरुषांची मक्तेदारी. बायकांना त्या दिवशी स्वयंपाकाला सुट्टी आणि निखाऱ्यांजवळ 'नो एंट्री'. पण आता मोठ्या बाबांचे गुडघे बसू देत नाहीत. चुलतभाऊ पुण्यात आणि हैदराबादेत. गोठ्यातली बैलजोडी कधीच गेली, नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. त्यामुळे शेणही विकतचं नि गोवऱ्याही विकतच्या. आणि हे फक्त आमच्याच घरात नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातली देशी गाई-बैलांची संख्या २०१२ पेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी घटलेली दिसली. घरात गॅस आला हे चांगलंच झालं. मोठ्या आईने धुरात घालवलेली वर्षं परत यावीत असं मला मुळीच वाटत नाही. पण गोवऱ्या आणि विस्तव कळणारी माणसं एकदमच कमी झाली, तर रोडगे टिकणार कसे?

गेल्या हिवाळ्यात मोठे बाबा खुर्चीवर बसले आणि चिमटा माझ्या हातात दिला. दोन काकांनी एकमेकांकडे पाहिलं. बोललं कुणीच नाही.

"घाई नोको करू. जाळ संपू दे, मंग टाक," एवढंच ते म्हणाले. पुढचा दीड तास मी निखारे आणि रोडगे सोडून कशाकडेही बघितलं नाही. पहिला रोडगा त्यांनीच फोडला. आतून वाफ आली. त्यांनी तुपाची वाटी पुढे ओढली आणि मोठ्या आईला म्हणाले, "पुढच्या खेपेला हिलेच सांगजा." दहा वर्षं घराबाहेर राहते मी. त्या एका वाक्याने गावातली माझी जागा मला परत मिळाल्यासारखं वाटलं.

आता तुमच्या कामाचं. रोडगे कुठे मिळतील? काही हॉटेलांत आणि ढाब्यांवर ऑर्डर दिली तर मिळतातही. पण खरे रोडगे मिळतात ते आमंत्रणाने. थंडीपासून पाऊस येईपर्यंत शेतांतल्या पार्ट्या चालतात. कुणाचा नवस असला की मारुतीच्या देवळात पंगत बसते. चंपाषष्ठीला तर खंडोबाचा नैवेद्यच भरीत-रोडग्याचा. संत एकनाथांच्या भारुडातली सून सासरच्यांचा काटा काढण्यासाठी भवानीला रोडगाच कबूल करते, म्हणजे पदार्थाचं वजन किती ते बघा!

वऱ्हाड लांब पडत असेल, तर महाराष्ट्रात विस्तव इतरत्रही पेटतो. डिसेंबर-जानेवारीत कुठल्याही ज्वारीच्या पट्ट्यात हुरडा. त्याच थंडीत रायगडात पोपटी, म्हणजे भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा मडक्यात भरून, पाण्याचा थेंबही न घालता भाजायच्या. आणि जळगावात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. तिथल्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली जीआय टॅगही मिळालाय.

यातलं काहीही एकट्याने खायचं नाही. पार्सल तर नाहीच. गार झालेला रोडगा दगड होतो. किमान दहा माणसं, एक रिकामा दिवस आणि निखाऱ्यांपाशी बसायची तयारी लागते. तुमच्या ऑफिसात अकोल्याचं किंवा अमरावतीचं कुणीतरी असेलच की. त्याच्याशी आजपासून जरा गोड बोला. आणि बोलावणं आलं, तर फक्त जेवायला जाऊ नका. सकाळीच जा आणि चिमटा मागून घ्या.