कोण लागलंय मागं?

धावायला मैदान लागते, अशी माझ्या वर्गमैत्रिणींची समजूत आहे. आमच्या वाडीला मैदान नाही. सपाट म्हणावी अशी जागा म्हणजे भाताची खाचरे. ती पावसाळ्यात पाण्याने भरलेली आणि एरवी ढेकळांनी. प्राथमिक शाळेच्या अंगणात शंभर मीटरची सरळ रेषा आखायची म्हटली, तर तिचे शेवटचे पंधरा मीटर ओढ्यात जातात. तरीही आमच्याकडची मुले-मुली धावतात आणि बऱ्यापैकी धावतात. कारण मैदान नसले, तरी वाटा आहेत. संपादक मंडळाने ‘तुझ्या धावण्याविषयी लिही’ असे सांगितले, तेव्हा मी जरा घाबरले. धावण्याविषयी काय लिहायचे? एक पाय टाकायचा, मग दुसरा! वाटांविषयी मात्र लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

भंडारदरा म्हटले की बहुतेकांना पावसाळी सहल, धबधबे आणि मेअखेरीचे काजवे आठवतात. प्रवरा नदी रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि शेंडी गावाजवळ विल्सन धरणाने अडवली जाते. १९१० मध्ये सुरू झालेले हे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. उंची ८२ मीटर आणि साठा ११ टीएमसी, म्हणजे अकराशे कोटी घनफूट. नकाशात या तलावाला ‘आर्थर लेक’ म्हणतात. आमच्या घरात त्याला नुसते ‘धरण’ म्हणतात. ‘धरणाकडं गुरं गेलीत’, ‘धरणावरून वारा सुटलाय’, असे. तलावाच्या उत्तरेला कळसूबाई उभी आहे, १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यांत उंच. पश्चिमेला घाटघर, तिथे सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसते. नैऋत्येला रतनगड, माथ्यावरच्या नेढ्यातून आरपार आभाळ दाखवणारा. या सगळ्यांच्या मध्ये पाणी आणि पाण्याभोवती आम्ही.

या तलावाभोवती धावण्याच्या वाटा किती, असे विचाराल तर माझ्या हिशेबी मुख्य चार.

पहिली वाट म्हणजे डांबरी रस्ता. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे करीत घाटघर, तिथून साम्रद, मग रतनवाडी आणि कोलटेंभे, मुतखेल या बाजूने परत शेंडी. पुरती प्रदक्षिणा चाळीस किलोमीटरांहून अधिक भरते. शहरातून येणारे हौशी धावपटू ती एका दमात करतात. मी तिचे तुकडे केले आहेत. कोलटेंभे ते रतनवाडी हा तुकडा मला आवडतो, कारण तिथे शेवटी अमृतेश्वराचे देऊळ येते. त्याच्या कोरीव दगडांना पाठ टेकून बसले की घाम लवकर निवतो. पण डांबर पायांना सोसत नाही. दोन-तीन दिवस सलग धावले की नडगी ठणकू लागते.

दुसरी वाट वर्षातून काही महिनेच असते. धरण बहुधा ऑगस्टच्या मध्यापर्यंत भरते. पुढे आवर्तने सुटू लागली की पाणी उतरते आणि काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. आधी चिखल, मग भेगा, मग त्यावर बारीक गवत. गुरे पाण्यावर जाऊन-येऊन त्यात वाट पाडतात. पाणी खाली जाईल तशी वाटही खाली सरकते. मार्चमधली वाट मेमध्ये पायाखाली नसते, डोक्यावर असते. जमीन मऊ, उतार सौम्य, अनवाणी धावले तरी चालते. कुठेकुठे पायाला जुन्या बांधाचे दगड लागतात. कुणाच्या तरी शेताचे बांध असणार ते. पहिला पाऊस लागला की ही वाट पुन्हा पाण्याखाली जाते आणि मला दरवर्षी कोणीतरी गावाला गेल्यासारखे वाटते.

तिसरी वाट डोंगराच्या कमरेने जाते, वाडीवरून वाडीवर. हिरड्याची झाडे, करवंदीच्या जाळ्या आणि कारवीचे रान. रुंदी एका पावलाची. दोघे समोरासमोर आले तर एकाने थांबावेच लागते. चौथी रतनवाडीहून रतनगडाकडे. प्रवरा तिथे अजून बाळ आहे, दगडांतून खेळत येते. वाट तिला पुन्हापुन्हा ओलांडते, मग दाट झाडीत शिरते. पहिल्या शिडीपर्यंत धावता येते. पुढचे धावणे नव्हे, चढणे. इथे एकटीने जाऊ नये, असे मी सांगेन. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ पासूनचे. शेकरू दिसले तर आनंद. बिबट्याची मात्र आपण होऊन भेट घेऊ नये.

या वाटांवर धावणे आणि ट्रॅकवर धावणे यांत फरक काय? आमचे क्रीडाशिक्षक सर सांगतात, ट्रॅकवर पाऊल मोजायचे असते. डोंगरात पाऊल निवडायचे असते. चढावर पाऊल आखूड घ्यायचे, श्वास तुटू लागला तर सरळ चालायचे. त्यात कमीपणा नाही. उतारावर शरीर मागे झुकवून टाचा रोवल्या की गुडघे बोलू लागतात आणि मांड्या दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत. म्हणून उतारावरही पावले लहान आणि झटपट. नजर पायाजवळ नको, तीन-चार पावले पुढे हवी. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते. हिरवा दगड मोहाचा, काळा दगड भरवशाचा, असे आमच्याकडची गुराखी पोरेही सांगतील. हे सारे मी धावायला लागल्यावर शिकले, असे मला काही दिवस वाटत होते. मग पाण्याचे दोन हंडे डोक्यावर घेऊन ओढ्यावरून चढणारी माझी आई नीट पाहिली. आखूड पाऊल, नजर पुढे, काळा दगड. हे सगळे तिच्या अंगात होतेच!

आता जरा व्यवहाराचे बोलते. आमच्या भागात पहाटे रस्त्यावर गेलात तर दहा-वीस मुले-मुली धावताना दिसतील. ती हौसेची नाहीत. पोलीस भरतीची आहेत. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. एकाच्या हातात मोबाइलचे घड्याळ, बाकीच्यांच्या जिवाला घोर. दोन सेकंदांनी गुण जातो आणि एका गुणाने नोकरी. त्यांत मीही आहे. तृतीय वर्ष संपले की मीही त्या रांगेत छातीवर क्रमांक लावून उभी राहणार. खाचरांतले भात वर्षभर पुरत नाही आणि घरात माझ्यामागे दोन भावंडे आहेत. धावणे हा आमच्याकडे छंद होण्याआधी दरवाजा असतो. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात आमच्यासारख्याच एका आदिवासी पाड्यावर वाढलेल्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे त्यांचे नाव आमच्याकडे प्रत्येक मुलीला पाठ आहे. दरवाजा उघडतो, हे त्यांनी दाखवले.

पाहुण्या धावपटूंविषयी माझ्या मनात अढी नाही. त्यांच्या बुटांच्या किमतीत आमच्याकडे शेळी येईल, हे खरे. पण ते हसून बोलतात, पाणी विचारतात आणि थांबून डोंगराकडे बघतात. गेल्या हिवाळ्यात एका बाईंनी मला विचारले, ‘ही वाट किती किलोमीटर आहे?’ मी म्हटले, ‘वरच्या वाडीतून पाणी भरून यायला लागतो तेवढा वेळ.’ त्यांना उत्तर फार आवडले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले. मला मात्र त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही. तलावाला इतके लागून असलेल्या वाडीतून पाण्यासाठी जावे लागते, यात आवडण्यासारखे काय आहे? धरणातले पाणी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या शिवारात जाते. तिथे ऊस उभा राहतो, कारखाने चालतात, माणसे शिकतात. ते वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण पाणी उतारानेच जाते आणि आम्ही उताराच्या वरच्या अंगाला आहोत. एप्रिल-मेमध्ये आमच्या बायका ओढ्यातला झिरा वाटीने उपसतात, तेव्हा खाली निळे पाणी लख्ख दिसत असते.

माझ्या आजीला धावणे हा प्रकारच मान्य नाही. मी घामाने निथळत परतले की ती उंबऱ्यावरून विचारते, ‘कोण लागलंय गं तुझ्या मागं?’ पहिली दोन वर्षे मी हसून आत जाई. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याजवळ बसले आणि म्हटले, ‘आजी, तू कधी पळाली नाहीस का?’

ती थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, ‘एकदा.’

माझ्या वडिलांच्या आधी तिला एक मुलगा होता. तीन वर्षांचा. श्रावणात त्याला ताप भरला. त्या दिवसांत पावसाळ्यात आमच्या बाजूला एस.टी. येत नसे. आजोबा आवणीच्या मजुरीला दूर गेलेले. आजीने पोराला पाठीशी बांधले, वरून इरले घेतले आणि संध्याकाळी ती याच वाटेने शेंडीकडे निघाली. कमरेच्या वाटेने, कारण काठाची वाट पाण्यात होती. ‘पळाले,’ ती म्हणाली, ‘जितकं पळता येतं तितकं पळाले. ओढ्याला पाणी होतं. उतरायची वाट पाह्यली. पुन्हा पळाले. मुतखेलच्या अलीकडं त्याचं अंग गार लागाय लागलं. मला वाटलं, ताप उतरला.’

तिने तांदळाचे सूप बाजूला ठेवले. ‘मंग चालत गेले,’ ती म्हणाली. आणि आत निघून गेली.

त्या वाटेवर मी घड्याळ लावून धावते. ज्या ओढ्यापाशी आजी थांबली, तिथे मी एका उडीत पलीकडे जाते आणि वेळ वाचला म्हणून खूश होते. हे कळल्यावर चार दिवस मी त्या वाटेला गेलेच नाही. पाचव्या दिवशी पहाटे आजीनेच हाक मारली, ‘उठत न्हाईस का आज?’ मी म्हटले, ‘तुला आवडत नाही ना?’ ती म्हणाली, ‘मला कुठं आवडत न्हाई? मी इचारते, कोण लागलंय मागं. कोण न्हाई ना? मंग पळ की!’

तेव्हा मला तिच्या प्रश्नाचा अर्थ लागला. तो टोमणा नव्हता. ती खात्री करून घेत होती.

आमच्या डोंगरांत माणसे पूर्वीपासून धावली, ती कोणीतरी मागे लागले म्हणून. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रज आणि सावकार यांच्याविरुद्ध उठले आणि याच रानावनांच्या आसऱ्याने झुंजले. शेवटी १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. बायका धावल्या त्या पाण्यामागे, गुरांमागे, आजारपणाच्या पुढे. मागे कोणी नसताना, पाठीवर काही नसताना, केवळ पाय आहेत आणि सकाळ आहे म्हणून धावणे, ही आमच्या घराण्यात बहुधा माझ्यापासून सुरू झालेली गोष्ट आहे. भरतीचे ८०० मीटर मी धावेनच. तिथे गरज मागे लागलेली असेल, हे मला ठाऊक आहे. पण त्याखेरीज आठवड्यातून एक सकाळ मी घड्याळ घरी ठेवून जाते. ती सकाळ आजीची म्हणून ठेवली आहे. तिला हे सांगितलेले नाही.

आपल्यापैकी काही जण सुट्टीत या वाटांवर यावेत, असे मला मनापासून वाटते. सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. सोनकी फुललेली असते, भात पोटरीत असतो आणि धरण काठोकाठ भरलेले. पाणी बरोबर आणा. ओढे दिसतात तितके जवळ नसतात. बुटांचा तळ खरबरीत असावा. अंधार पडण्यापूर्वी रानातून बाहेर पडा. देवळाच्या पुष्करणीत पाय धुऊ नका.

आणि आमच्या वाटेचा एकच नियम आहे, तो लक्षात ठेवा. समोरून कोणी डोक्यावर हंडा, लाकडाची मोळी किंवा गवताचा भारा घेऊन येत असेल, तर तुम्ही कितीही वेगात असा, घड्याळ काहीही सांगो, डोंगराच्या अंगाला सरकून उभे राहा. ओझेवाल्याला आधी जाऊ द्या. मग पळा.