मत्स्यपेटीचा पाया

धर्मगुरुनिवासात खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी आणली, तेव्हा मासे मी हौसेने निवडले. खाली मात्र भुशाच्या दाबीव फळीचे जुने टेबल ठेवले. २०० लिटर समुद्रजलाचेच वजन सुमारे २०५ किलो. काच, वाळू, खडक निराळे. सांडलेल्या पाण्याने फळी फुगली, एक कोपरा खचला, काचेच्या सांध्यावर ताण आला आणि एका रात्री पेटी फुटली.

‘‘फादर, मासे कशाने मेले?’’ धर्मशिक्षणाच्या मुलांनी विचारले. वाळूवरच्या घराचा दाखला मीच त्यांना शिकवला होता. ‘‘माझ्या हलगर्जीपणाने,’’ मी म्हणालो.

आता सुताराकडून सागवानी, भरीव पायांची बैठक करून घेतली आहे. पाणसळ मुलांनीच धरली. बुडबुडा मध्यावर स्थिरावल्यावरच आम्ही पाणी भरले.