संगणकाची बदली

बदली माणसाची होते, असं बँकेच्या लोकांना वाटतं. ऑर्डर येते, हार पडतो, नारळ मिळतो आणि 'आपला माणूस चालला' म्हणताना मॅनेजरसाहेबांचा आवाज किंचित आनंदानेच भरून येतो. पण ही बदली सोपी. खरी अवघड बदली संगणकाची.

तशी सातारा-सांगली ही बदली नव्हेच. १९४९ साली सातारा जिल्ह्याची वाटणी होऊन दक्षिण सातारा निघाला, त्यालाच १९६० साली सांगली हे नाव मिळालं. म्हणजे मी थोरल्या घरातून धाकट्या घरात निघालो होतो. कृष्णामाई तर महाबळेश्वरहून निघून रोजच सांगलीत हजर होते. तिला ना टी. ए. बिल, ना जॉइनिंग टाइम.

आमची सौ. घरबसल्या वेबसाइट बनवते. साताऱ्याची दोन मंगल कार्यालयं आणि एक पतसंस्था तिच्या हातची. जुना संगणक थकला होता, म्हणून सांगलीला नवा घेतला. पतसंस्थेचे नवे व्याजदर एक तारखेला चढायलाच हवे होते. नाहीतर 'इथलंच कुणीतरी बघू' असं सेक्रेटरींनी फार गोड आवाजात सांगितलं होतं.

"त्यात काय वैनी," टेंपोवाला म्हणाला, "पेनड्राइव्हात भरायचं आन् तिकडं वतायचं!"

"भांडी नेली म्हणून स्वयंपाकघर जात नाही, दादा," सौ. म्हणाली.

तिचं सॉफ्टवेअर ड्रीमवीव्हर. १९९७ साली ते मॅक्रोमीडियाच्या घरी जन्मलं; २००५ साली ॲडोबीने ती कंपनीच विकत घेतली. थोडक्यात, घर बदलायचा अनुभव त्यालाही आहे. पण कुठली साइट कुठल्या फोल्डरात, सर्व्हर कुठला, पासवर्ड काय, ही माहिती साइटच्या फायलींबरोबर नसतेच. ती विंडोजच्या पोटात, रजिस्ट्रीत जाऊन बसते. कीबोर्डचे शॉर्टकट आणि नेहमी लागणारे कोडचे तुकडे आणखी एका लपवलेल्या फोल्डरात. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. वरून माणूस चालत गेला तरी खाली किती पोती आहेत, याचा पत्ता लागत नाही. तसंच हे.

पेव उघडायची रीत मात्र आहे. 'मॅनेज साइट्स'मध्ये जायचं आणि साइट एक्स्पोर्ट करायची. एस.टी.ई. आडनावाची चिमुकली फाइल निघते. सातारा-सांगली प्रवासाला एस.टी.वाचून गत्यंतर नाही, हे त्या परदेशी मंडळींनाही ठाऊक असावं! फाइल करताना ते विचारतं, ही स्वतःसाठी की दुसऱ्याला द्यायला? स्वतःसाठी म्हटलं तर पासवर्डसकट देतं, दुसऱ्यासाठी म्हटलं तर तेवढं गाळतं. बँकेत चार्ज देताना असंच असतं. रजिस्टरं देतात, किल्ल्या मोजून देतात. कुठल्या खातेदाराला आधी चहा विचारायचा, ते मात्र कुणी सांगत नाही.

सौ.ने 'स्वतःसाठी' निवडलं आणि माझ्याकडे एकवार बघून पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला.

सांगलीत नव्या यंत्रावर साइटची नावं आली, पण फायली सापडेनात. जुन्यात त्या 'डी' ड्राइव्हवर होत्या. नव्याला 'डी' नव्हताच. "साताऱ्याचा पत्ता सांगून सांगलीत रिक्षा करावी, तसं झालंय," ती म्हणाली. एकेक पत्ता बदलला. शॉर्टकटांचं फोल्डर शोधून आणलं. रात्री साडेअकराला व्याजदर चढले आणि पतसंस्था आमच्याकडेच राहिली.

मी म्हणालो, "चला, झाली एकदाची बदली!"

"अहो, तुमच्या चार बदल्या झाल्या," ती शांतपणे म्हणाली. "दर वेळी तुमचं टेबल तिथे मांडून ठेवलेलं होतं. दूधवाला, डॉक्टर, गॅस, वाणी, हे मी प्रत्येक गावात पहिल्यापासून भरत आले. त्याची कधी एक्स्पोर्ट फाइल निघाली का?"

बँकेत अशा वेळी 'नोंद घेतली' असा शेरा मारतात. घरात तसं चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन मी स्वतः वाणी शोधून काढला. गृहस्थ सज्जन निघाले. नाव, गाव, बँक, सगळं विचारून घेतलं. खात्यावर मांडायचं म्हटल्यावर मात्र हसून म्हणाले, "मांडू की साहेब. वहिनींना एकदा येऊन जाऊ द्या."