गाठीला नाव असावे

मेहकर म्हटले की पुण्या-मुंबईची माणसे बुलढाण्यातले मेहकर समजतात. आमचे मेहकर बीदर जिल्ह्यातले, भालकी तालुक्यातले. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही आणि वर थोडी दख्खनी, असा आमचा कारभार. एकेका वस्तूला तीन-तीन शब्द असलेल्या या भागात बाईच्या एका अवयवाला मात्र शब्द नाही. म्हणजे आहेत, पण ते उच्चारायचे नाहीत. ‘छातीत दुखतंय’ एवढेच सांगितले की डॉक्टर कार्डिओग्राम काढतात, आणि बाई पदर सावरून घरी येते.

2021 साली कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढावा लागला. हैदराबादच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वेळी छातीच्या स्नायूखाली सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले. निर्णय माझा होता. गावात कुजबुज झाली, “या वयात ही हौस कशाला?” पन्नाशी उलटलेल्या बाईला आपला ब्लाऊज दोन्ही बाजूंनी नीट बसावा असे वाटणे ही हौस असेल, तर ती मी केली. दात पडल्यावर कवळी बसवणाऱ्याला कोणी हौशी म्हणत नाही.

घरी सोडताना तिथल्या सिस्टरने दोन गोष्टी बजावल्या. इम्प्लांटचे कार्ड जपून ठेवायचे आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, छातीवरून आणि काखेतून हात फिरवायचा. “नवी छाती हाताला पाठ झाली पाहिजे,” ती म्हणाली. लक्षात राहावा म्हणून मी संकष्टीचा दिवस धरला. पहिले काही महिने हाताला सगळेच परके लागे. इम्प्लांटची कड, वरच्या बाजूची घडी, व्रणाची दोरी. हळूहळू ओळख झाली. 2023 च्या पावसाळ्यात अशाच एका संकष्टीला व्रणाच्या काखेकडच्या टोकाला तुरीच्या दाण्याएवढे काहीतरी हाताला लागले. दाबले तरी दुखेना, सरकेना. मागच्या महिन्यात ते नव्हते.

त्याच संध्याकाळी घरात सांगितले. हे म्हणाले, “ती पिशवीच फुटली असेल. काढून टाकू.” मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “तेव्हाच नको म्हणत होते मी.” जो तो इम्प्लांटवरच घसरला. पण इम्प्लांट हे गाठीचे एकच कारण नव्हे. स्तन काढला तरी कातडीखाली थोडे मांस, थोडी चरबी राहते. रोग परत आलाच तर तो बहुधा तिथे, म्हणजे इम्प्लांटच्या पुढच्या बाजूला येतो आणि म्हणूनच हाताला लागू शकतो. शिवाय मेलेली चरबी घट्ट होते, इम्प्लांटची घडी टोचते, सिलिकॉन झिरपले तर काखेत गाठी येतात. यातले नेमके काय, हे बोटांना कळत नाही. बोटांचे काम फक्त नवे काय ते ओळखण्याचे.

दुसऱ्या दिवशी भालकीला निघाले. आदल्याच जूनपासून कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना तिकीट नव्हते, म्हणून आत्याबाई, माझ्या सासूबाई, सोबत आल्या. डॉक्टरीणबाई म्हैसूरकडच्या, मराठीचा गंध नाही. माझे कन्नड जमिनीची पहाणी आणि रेशनकार्डापुरते. मी ‘इकडे, इकडे’ करत हात दाखवू लागले. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाई, ज्यांनी जन्मात असले काही तोंडातून काढले नव्हते, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “एदियाग गंटु आग्याद.” स्तनात गाठ झालीय. डॉक्टरीणबाईंनी लगेच पडदा ओढला, तपासले आणि हैदराबादला चिठ्ठी दिली.

तिथे सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाहत सुई घातली, म्हणजे ती इम्प्लांटला लागू नये. अहवालाला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी शेंगा फोडल्या, तूर निवडली, रात्री छताच्या कड्या मोजल्या. आत्याबाई शेजारी पडून असत. एकदा अंधारातच म्हणाल्या, “माझ्या आईला पण होती गं अशी. तिनं कुणालाच सांगितलं नाही.” इतक्या वर्षांत हे घरात कोणाला ठाऊक नव्हते.

अहवाल आला. आतल्या टाक्याच्या धाग्याभोवती शरीराने स्वतःच धरलेली गाठ होती ती. कर्करोग नव्हता.

सिलिकॉनचे पहिले इम्प्लांट 1962 साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवले गेले. 1992 मध्ये तिथल्या सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले, 2006 मध्ये पुन्हा परवानगी दिली. 2019 मध्ये खरखरीत पृष्ठभागाचा एक प्रकार जगभरातून परत मागवला गेला. त्याच्याभोवतीच्या आवरणात क्वचित एक वेगळाच कर्करोग होतो, आणि तो बरेचदा काही वर्षांनी आलेल्या सुजेने ओळखू येतो. कार्ड जपायचे ते यासाठी. आपले इम्प्लांट कोणते, हे त्यावर लिहिलेले असते.

आणि हाताचे म्हणाल, तर मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 1998 पासून वीस वर्षे दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांमध्ये शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी तपासत होत्या. 2021 मध्ये निष्कर्ष छापले गेले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे हात सर्व काही करत नाही. पण शिकलेला हात काही जीव वाचवतो. आपला स्वतःचा हात निदान निरोप तरी वेळेवर देतो.

निरोप द्यायला मात्र शब्द लागतो. मराठीत पदराची गाठ आहे, लग्नाची गाठ आहे. कन्नडमध्येही लग्नाला ब्रह्मगंटु म्हणतात. या गाठी आपण चारचौघांत मिरवतो. मग ही एकच का लपवावी? आत्याबाईंच्या आईकडे दोन्ही भाषा होत्या, आणि दोन्हींत ती गप्प राहिली. म्हणून घरातल्या लेकीसुनांना स्तन हा शब्द मराठीत शिकवा, कन्नडमध्येही शिकवा. डॉक्टर कुठलेही भेटोत, सांगताना अडायला नको.