तीन मिलिमीटरांचा मोह

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि २०१४ पासून दोघांत मिळून एका रॉयल एन्फील्ड क्लासिक ५०० चे मालक आहोत. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापूरहून कोकणात उतरायचे, हा आमचा नेम. साहित्यचर्चेच्या जागी इंजिनाविषयी लिहितो आहोत, याबद्दल वाचकांनी राग मानू नये. पण एका बदलाने आम्हांला जे शिकवले, ते औचित्यविचाराच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे केवळ शब्दांनी शिकवीत होतो.

तक्रार साधी होती. दोन माणसे, दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या, आणि समोर आंबोलीचा चढ. अशा वेळी गाडी दमते. त्याच कंपनीची २०१३ सालची कॉन्टिनेन्टल जीटी ५३५ सीसीची होती. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक ९० मिलिमीटर. फरक केवळ बोअरचा, ८४ ऐवजी ८७ मिलिमीटर. जीटीचा सिलिंडर आणि पिस्टन आमच्या गाडीला बसवता येतो, असे कळल्यावर आमच्यातला संयम संपला.

आकडे तेव्हाही आमच्यासमोर होते. क्लासिकची शक्ती २७.२ अश्वशक्ती, जीटीची २९.१. टॉर्क ४१.३ न्यूटन-मीटरवरून ४४ वर जाणार, म्हणजे साडेसहा टक्क्यांची वाढ. गाडीचे वजनच १८७ किलो. त्यात आम्ही आणि सामान धरले, की साडेतीनशेच्या पुढे. एवढ्या ओझ्याला दोन अश्वशक्ती कितीशा जाणवणार, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला असता, तर आम्ही त्याला शाबासकी दिली असती. स्वतःला मात्र तो विचारला नाही. ‘५३५’ या आकड्यातच काही जादू होती. (विशेषणांविषयीही माणसांचे असेच होते.)

मेकॅनिकने दोन गोष्टी बजावल्या होत्या. नवा पिस्टन सिलिंडरमध्ये रुळेपर्यंत गाडी हळू चालवायची. आणि इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या ईसीयूमधले आकडे नव्या इंजिनाप्रमाणे बदलून घ्यायचे. दुसरे काम त्याच्याकडे होत नव्हते, त्यासाठी बाहेरगावी जावे लागणार होते. दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर आली होती. ‘आल्यावर करू,’ असे आम्ही म्हणालो. दोष त्याचा नाही, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे.

जाताना सारे सुरळीत झाले. आजरा, आंबोली, सावंतवाडी. वाटेत गाडी खरोखरच अधिक ताकदीची झाल्याचे आम्ही एकमेकांना तीनदा सांगितले. परतताना घाट चढायचा होता. चढावर मूठ पूर्ण पिळलेली, वेग कमी, त्यामुळे पंख्यांवरून जाणारा वाराही कमी. आणि हे इंजिन तर वाऱ्यावरच थंड होणारे. सपाटीवर बेताने चालवताना सायलेन्सरमधला सेन्सर पेट्रोलचे प्रमाण सावरून घेतो. मूठ पूर्ण उघडली, की ईसीयू आपल्या ठरीव कोष्टकाप्रमाणे पेट्रोल देतो, आणि ते कोष्टक ४९९ सीसीचे होते. हवा सात टक्के अधिक, पेट्रोल जुन्या हिशेबाचे. असे मिश्रण अधिक तापते. अजून न रुळलेला पिस्टन फुगला आणि सिलिंडरला चिकटला.

मागचे चाक क्षणात जखडले. पुढे बसलेल्याने क्लच दाबला. पण गाडी तोवर आडवी सरकत कठड्याकडे गेली होती. मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाने वेळीच ब्रेक लावला, म्हणून हा लेख आम्ही दोघे मिळून लिहितो आहोत. एकाचे मनगट मोडले, दुसऱ्याचा गुडघा सोलवटला. विम्याचा दावा आम्ही केला नाही. नोंदणीपुस्तकात ४९९ सीसी आणि गाडीत ५३५. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे नावही आम्ही तोवर ऐकले नव्हते. कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी दूर नेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे, हेही नंतरच वाचले.

अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले, हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. एक अवयव वाढवला, की बाकीच्या साऱ्यांशी त्याचे नाते नव्याने जुळवावे लागते, हे त्याचे सार आम्ही पाठ्यपुस्तकातून सांगत होतो. हवा, इंधन, उष्णता, ब्रेक, कागदपत्रे, यांतले काहीच आम्ही हलवले नव्हते.

पुढे मूळचा ५०० चा सिलिंडर आणि पिस्टन परत बसवला. शिवाय इंजिनाकडच्या चेनच्या चक्राचा एक दात कमी केला. सतरा-अठरा दातांत एक कमी, म्हणजे चाकाशी मिळणारा जोर जवळपास सहा टक्क्यांनी अधिक. जे आम्ही तीन मिलिमीटरांत शोधत होतो, ते जवळजवळ तेवढेच एका दातात होते, तेही काहीशे रुपयांत. महामार्गावर मात्र इंजिन आता थोडे अधिक घुमते आणि पेट्रोलही अधिक पिते. आंबोलीसाठी ते आम्हांला चालते.

ओरखडे पडलेला पिस्टन आमच्या विभागात टेबलावर असतो. पंख्याखाली उत्तरपत्रिका उडू नयेत म्हणून उपयोगी पडतो. दर सुट्टीत आंबोली अजूनही ठरलेली आहे. चढ लागला, की मागे बसलेला पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. पूर्वी ठेवत नसे. त्याविषयी आम्ही आपसांत अजून बोललेलो नाही.