सुट्टी की ड्युटी?

आई नोव्हेंबरात नागपूरहून टोरंटोला माझ्याकडे आली. सहा महिन्यांचा मुक्काम. पहिला बर्फ तिने खिडकीशी उभे राहून कौतुकाने पाहिला, दुसरा पाहिला आणि त्यानंतर पडदा लावून घेतला. बाहेर उणे पंधरा अंश, गुडघे आखडलेले, आणि मी घरात असूनही घरात नसलेली.

मी एका कंपनीचे हिशेब तपासते. ऑफिसला जावे लागत नाही, घरातलीच एक खोली म्हणजे माझे ऑफिस. नातेवाइकांना वाटते, केवढे भाग्य! पण नऊ ते पाच त्या खोलीचे दार बंद असते. आई दुपारी चहा घेऊन येते, माझ्या कानावरचे यंत्र पाहते आणि कप ठेवून पाय न वाजवता परत जाते. एकदा तिने विचारले, "बाई, तू घरी किती वाजता येतं?" ती थट्टा करत नव्हती.

म्हणून मी ठरवले की, हिला एकदा उन्हात न्यायचे. माझी रजा संपत आली आहे, फक्त एक दिवस उरला आहे. मग उरलेले दिवस लॅपटॉप बरोबर घेऊन काम करायचे. आजकाल पुष्कळ लोक असे करतात. आईला सांगितले तर ती म्हणाली, "मंग हे सुट्टी हाये का ड्युटी?" रेल्वेतल्या माणसाबरोबर चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला तिसरा प्रकार ठाऊक नाही. खरे सांगायचे तर मलाही नाही.

ठिकाण बाबांमुळे ठरले. बाबा गँगमन होते आणि क्रिकेटचे वेडे होते. गॅरी सोबर्सचे नाव ते घरातल्या माणसासारखे घ्यायचे. १९६२ साली बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागला तेव्हा रक्त द्यायला वेस्ट इंडिजचा कप्तान फ्रँक वॉरेल पुढे झाला, ही गोष्ट आम्ही जेवताना किती वेळा ऐकली असेल! पूर्ण मालिकेसाठी वेस्ट इंडिजचे नेतृत्व मिळालेला वॉरेल हा पहिला काळा कप्तान, १९६० सालचा. सोबर्स आणि वॉरेल दोघेही याच बेटाचे. २०२४ च्या २९ जूनला भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तोही तिथल्याच केन्सिंग्टन ओव्हलवर. त्यानंतर बेरिल वादळ आले आणि आपला संघ काही दिवस तिथेच अडकून पडला. त्या वादळाने तिथल्या कोळ्यांच्या होड्यांचे मोठे नुकसान केले. बातम्यांत आपण संघाच्या विमानाची वाट पाहत होतो, होड्यांबद्दल फारसे कोणी बोलले नाही. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर असतो, तेव्हा मार्चला ती भीती नाही.

बेट छोटे आहे, लांबी साधारण ३४ किलोमीटर. टोरंटोहून थेट विमान आहे, पाच तासांच्या आसपास. थेट विमान हवेच, कारण अमेरिकेत विमान बदलायचे तर आईला तिथलाही व्हिसा लागेल. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटक म्हणून जायला आधी व्हिसा घ्यावा लागत नाही, मात्र नियम निघण्यापूर्वी पुन्हा तपासून घ्यावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परत कॅनडात शिरण्याची सोय. आईचा व्हिसा अनेक वेळा ये-जा करण्याचा आहे, हे मी तीनदा वाचून खात्री केली. तिचा आरोग्य विमा कॅनडाबाहेर चालतो का, हेही विचारले. चालत नव्हता. सात दिवसांचा वेगळा घेतला.

आता माझ्या कामाचा प्रश्न. बार्बाडोस सरकारने २०२० साली, महामारीत पर्यटक बंद झाले तेव्हा, 'वेलकम स्टँप' नावाची योजना काढली. बाहेरच्या देशातली नोकरी लॅपटॉपवर करणाऱ्याने तिथे बारा महिने येऊन राहावे. वर्षाचे उत्पन्न निदान पन्नास हजार अमेरिकन डॉलर हवे आणि फी एकट्याला दोन हजार डॉलर. आठवड्यासाठी तो खटाटोप कोण करणार? पण पर्यटक म्हणून जाऊन काम केलेले चालते का, याचे सरळ उत्तर मला मिळेना. ओळखीचा एक जण म्हणाला, "कोण विचारतो? फिरायला आलो म्हणायचे." मला ते पटले नाही. खिडकीवर खोटे बोलायचे आणि शेजारी आई उभी! टोरंटोतल्या त्यांच्या वाणिज्य दूतावासाला मी लेखी विचारले आहे. कंपनीलाही लेखी विचारले. तिथले आमचे वरिष्ठ आधी म्हणाले की, पूर्वी कोणी विचारून गेलेले नाही. म्हणजे न विचारता गेले होते! दहा दिवसांनी परवानगी आली.

मग वेळांचा हिशेब मांडला. हा हिशेब मी एवढा मन लावून का केला, ते सांगायला हवे.

२०२२ च्या हिवाळ्यात बाबा आजारी होते. रजा पुरेना म्हणून मी लॅपटॉप घेऊन नागपूरला गेले. टोरंटोचे सकाळचे नऊ म्हणजे तेव्हा नागपूरचे संध्याकाळचे साडेसात. मी साडेसात ते पहाटे साडेतीन काम करायची आणि दिवसा झोपायची. बाबा सकाळी दहाच्या सुमारास तरतरीत असत. त्या वेळी मी पलीकडच्या खोलीत झोपलेली. "झोपू द्या तिले, रातभर ड्युटी केली तिनं," असे ते आईला म्हणत. त्यांनी स्वतः रातपाळ्या केल्या होत्या, म्हणून त्यांना माझी कीव येत असावी. तीन आठवडे एका छपराखाली राहून आमचे बोलणे दोन तासांचेही झाले नसेल. मी परत आल्यावर महिन्याभराने बाबा गेले.

तेव्हा या वेळी घड्याळ आधी.

बार्बाडोसचे घड्याळ वर्षभर बदलत नाही. कॅनडातले मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जाते. जानेवारीत गेले असते तर माझे नऊ ते पाच तिथे दहा ते सहा झाले असते, आणि सहाच्या आसपास तिथे सूर्य मावळतो. म्हणजे पैसे खर्चून आईला तिथेही बंद दारच दाखवायचे! मार्चच्या त्या रविवारनंतर दोन्हीकडची वेळ एक होते. त्यात मी वरिष्ठांकडून सात ते तीन अशी पाळी मागून घेतली. तीननंतर उजेडाचे तीन तास मिळतील. शनिवारी पोहोचायचे, रविवार मोकळा, सोमवार ते गुरुवार काम, शुक्रवारी उरलेली रजा आणि शनिवारी परत. आई पाचला उठते, सूर्य सहाच्या आतबाहेर उगवतो. सकाळचा एक तासही आमचा.

राहायची जागा दक्षिण किनाऱ्यावर पाहिली आहे. तिथे हेस्टिंग्ज भागात समुद्राला लागून सुमारे दीड किलोमीटर लांबीची पायवाट आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाळू तुडवावी लागत नाही. पूर्वेकडचा बाथशेबाचा किनारा फार देखणा म्हणतात, पण तिकडे अटलांटिकच्या लाटा, पाण्यात उतरणे धोक्याचे. तो बसमधून पाहू. जागेच्या मालकीणबाईंना विचारून इंटरनेटचा वेग पाहून घेतला. प्लग कॅनडासारखेच आहेत. स्वयंपाकघर आहे, कारण बेटावर बराच माल बाहेरून येतो आणि महाग पडतो. तिथले राष्ट्रीय पक्वान्न म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेले कूकू आणि सोबत उडणारा मासा. आई म्हणाली, "मासा पाहीन. भेंडी तशी घोटली तर गिळगिळीत होईन." मंचिनील नावाच्या झाडाची सूचना मात्र मी वहीत लाल शाईने लिहिली आहे. किनाऱ्यावर वाढते, फळ विषारी, पावसात त्याच्याखाली उभे राहिले तरी अंगावर फोड येतात.

पाहायचे काय, याची यादी करताना माझे मन हॉटेलांच्या चित्रांवरून निघाले. हे बेट उसाचे, आणि ऊस गुलामांनी लावलेला. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांना मालमत्ता ठरवणारा कायदा तिथे १६६१ साली झाला. १८१६ च्या एप्रिलमध्ये बसा नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला, तो चिरडला गेला. १८३४ साली गुलामी कायद्याने संपली, तरी 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षे राबवले. ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. राबणाऱ्यांना एक पैसा नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाची बाकी २०१५ मध्ये फिटली. साखळी तोडून हात वर केलेल्या माणसाचा पुतळा १९८५ पासून तिथल्या एका चौकात उभा आहे, लोक त्याला बसाच म्हणतात. न्यूटन इथे उसाच्या मळ्यालगत सुमारे ५७० गुलामांचे दफनस्थळ आहे. शुक्रवारी सकाळी तिथे जायचे.

आणि घरे. सुटका झाली तरी जमीन मळेवाल्याचीच राहिली. त्याच्या जागेवर भाड्याने राहायचे, काम गेले की जागा गेली. म्हणून मजुरांनी लाकडी घरे अशी बांधली की, ती नुसत्या दगडांवर टेकवलेली असत आणि सुटी करून गाडीवर घालून दुसरीकडे नेता येत. 'चॅटल हाउस' म्हणतात त्यांना, म्हणजे हलवता येणारी मालमत्ता. रंगीत, सुबक, आजही रस्त्याकडेला दिसतात. पर्यटक फोटो काढतात.

हे मी आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ चित्र पाहत राहिली. मग म्हणाली, "माह्या बापानं गाव सोडलं ना, तवा दाराची चौकट अन् कवेलू बैलबंडीत घालून आणले होते. जागा पाटलाची, घर आपलं. भिंती तेवढ्या तिथंच रायल्या." ही गोष्ट मी माझ्या बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात प्रथमच ऐकली. आजोबा गिरणीत लागले एवढेच मला माहीत होते. ती चौकट कुठे गेली विचारले, तर ती वस्तीतल्या जुन्या घराला लागली होती, पुढे स्लॅब टाकताना विकली. मी त्या दिवशी पाच वाजता लॅपटॉप मिटून तिच्याजवळ बसले होते, म्हणून हे निघाले.

तिकिटे अजून काढलेली नाहीत, दूतावासाचे उत्तर यायचे आहे. नाही म्हणाले तर एका दिवसाच्या रजेला शनिवार-रविवार जोडून तीनच दिवस जाऊ, लॅपटॉप घरी. आईची तयारी झालेली आहे. तिने समुद्र पाहिला तो दादरचा, डिसेंबरात, रांगेत, पुढच्या बाईचा पदर धरून. काल तिने एकच चौकशी केली, तिथे किनाऱ्यावर बसायला बाक आहेत का. आहेत, म्हटले. "मंग मले तिथं बसवून दे," ती म्हणाली, "अन् तू तीन वाजता ये."