मिसिसिपीकाठची पत्रे

न्यू ऑर्लिन्स, रात्री

प्रिय ताई,

बस फार उशिरा पोचली, म्हणून फोन राहिला. तिकीट-खिडकीवरच्या माणसाने पासपोर्ट माझ्याकडे अक्षरशः भिरकावला. डोक्यातून जात नाही.

आल्या आल्या गंबो खाल्लं: भेंडी नि कोलंबीचं दाट कालवण, खाली भात. सोळा डॉलर गेले, पण कितीतरी दिवसांनी भात दिसला गं! ही भेंडी आफ्रिकेतून गुलामांबरोबर इकडे आली. कॉफीत चिकोरी घालतात. थेट माटुंग्याची चव.

काबिल्दो, म्हणजे इथली जुनी नगरसभेची इमारत, पाहिली. 20 डिसेंबर 1803 रोजी फ्रान्सने लुइझियाना अमेरिकेच्या हवाली केलं, ते इथे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना मुख्यतः हे बंदर हवं होतं, कारण ओहायो खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचा माल इथूनच बाहेर जायचा. नेपोलियनने अख्खा प्रांतच विकायला काढला. कारण हैतीत गुलामगिरीतून उठलेल्या लोकांनी आणि पिवळ्या तापाने त्याची फौज संपवली होती; इंग्लंडशी लढाई तोंडावर होती. दीड कोटी डॉलर, एकरी तीनेक सेंट! म्हणजे या सौद्याची खरी किंमत हैतीच्या लोकांनी रक्ताने भरली. त्यांचा उल्लेख ओझरता होतो, याचा मला राग येतो.

डोळे मिटताहेत. उद्या नदीच्या वरच्या अंगाला, सेंट लुईसला निघते.

तुझी सुमा


सेंट लुईस

ताई,

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, हे वाचून जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर घाल.

इथे हाडं गोठवणारी थंडी आहे. दोन स्वेटर घालूनही नदीकाठी उभं राहवत नाही. नदीकाठची ती प्रसिद्ध गेटवे कमान पाहिली.

फ्रान्सने विकलेल्या या मुलखात फ्रेंचांची वस्ती तुरळकच होती. बाकी सगळीकडे ओसेज, सू, पॉनी या मूळ जमाती नांदत होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही. अमेरिकेला मिळाला तो इतर युरोपीय सत्तांना दूर ठेवण्याचा हक्क. जमीन पुढे मूळ रहिवाशांकडून तहांनी आणि बंदुकांनी घेतली. ओसेजांकडून 1808 च्या एकाच तहात आजच्या मिसुरीचा बहुतेक भाग गेला.

आणि तारीख बघ. 17 डिसेंबर 1803 ला, काबिल्दोतल्या त्या कार्यक्रमाच्या तीनच दिवस आधी, आपल्या नागपूरच्या रघूजी भोसल्यांना देवगावच्या तहात कटक इंग्रजांना द्यावं लागलं. तिथल्या रयतेला तरी कुठे कोणी विचारलं? बाबांना हे सगळं वाचून दाखव, गोषवारा सांगू नकोस. चिडतील, वाद घालतील. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं मला कळव.

सुमा